पिवळ्या पात्याचे अकरा वॉशर

३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना शांत हेलिकॉप्टर हवंय. सकाळी केबिनमध्ये बोलावून असं सांगितलं, जणू मीच त्याला रोज ओरडायला शिकवते. नवं माहितीपत्रक छापायचंय. आमची सेवा रुग्णांना उचलून मोठ्या दवाखान्यात पोचवायची, म्हणून पहिल्याच पानावर ओळ हवी — ‘रुग्णाला कळणारही नाही की तो उडतोय.’ मी म्हटलं, साहेब, निम्मे रुग्ण बेशुद्धच असतात, त्यांना तसंही कळत नाही. हसले नाहीत.

‘ध्वनी व कंपन विभाग’ म्हणजे मी, एक टेबल आणि एक डुगडुगणारी खुर्ची. ती खुर्ची दुरुस्त करणं कुठल्याच विभागात बसत नाही. माझं काम मात्र सरळ आहे. हेलिकॉप्टरच्या डोक्यावर चार पाती, ओळखायला प्रत्येकावर एका रंगाचा पट्टा — लाल, निळा, पांढरा, पिवळा. सेकंदाला साडेसहा फेरे. एखादं पातं किंचित जरी हलकं पडलं, तरी खाली बसलेला माणूस सेकंदाला साडेसहा वेळा हलतो. मी सीटखाली सेन्सर लावते, आकडा बघते, हलक्या पात्याच्या मुळाशी एक बोल्ट असतो त्यावर वॉशर चढवते. आकडा उतरतो. शून्य पूर्णांक दोनच्या आत आला की सगळे खूश.

आज ०.२४ आला होता. पिवळ्यावर एक वॉशर चढवला. ०.०८. लोणी! साहेबांना आकडा पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला.

चाचणीचं उड्डाण दाजींनीच केलं. उतरले आणि म्हणाले, “अगं, हिच्या अजून अंगात येतंय.” दाजी आमचे सगळ्यात जुने पायलट, शिवाय माझ्या ताईचे नवरे. त्यामुळे मला ते दोन्हीकडे ऐकावे लागतात. मी म्हटलं, ०.०८ आलाय. म्हणाले, “तो तुझ्या यंत्राला आला. माझ्या बुडाला नाही आला.”

बुडाला आकडे येत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार.

५ फेब्रुवारी, बुधवार

वाद्यवाल्या बाईंचं पत्र. या महिन्यातलं पहिलं, म्हणजे तब्येत बरी आहे. बाईंचं वाद्यं दुरुस्त करायचं दुकान नेमकं आमच्या उड्डाणाच्या वाटेखाली येतं. दर पत्रात तारीख, वेळ, आणि कुठल्या काचा वाजल्या त्याची यादी. आज नवीनच काहीतरी — ‘आपल्या यंत्राचा स्वर पूर्वी सरळ असे, तो मी सहन करत होते. अलीकडे, १० डिसेंबरपासून, तो डोलू लागला आहे. डोलणारा स्वर मला सहन होणार नाही.’

उत्तर पाठवलं. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. घेतली खरंच — याच वहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे चहाला. ताईने घरातल्या सगळ्या कपबशा माळ्यावर टाकल्यात आणि जाड बुडाचे मग आणलेत. एकेक मग म्हणजे उखळ. वर त्यात चहा अर्धाच. विचारलं तर म्हणे, “साखर कमी करायचीय.” मग साखर कमी कर की बाई, चहाने काय घोडं मारलंय? स्वयंपाकघरातला रेडिओ आता दिवाणखान्यात, दिवसभर चालू, तोही असा की शेजाऱ्यांना वेगळा घ्यायला नको. मी ध्वनी विभागाची, पण घरात मला कोण विचारतंय.

दाजी रंगात होते. “आमच्या मेव्हणीने आकड्यांशी लग्न केलंय,” म्हणाले. मी म्हटलं, आकडे घोरत नाहीत, दाजी. ताई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग दाजींनी तेच पालुपद लावलं. “चेष्टा सोड. सरळ जाताना ठीक आहे. डावीकडे वळव, मग बघ कशी हलते ती. तुझं यंत्र तीन वर्षांचं आहे, माझं बूड सव्वीस वर्षांचं.” मी त्यांना समजावलं की मोजणी सरळ उड्डाणातच करायची असते. तक्त्यात वळण्याचा रकानाच नाही. “मग रकाना आख,” म्हणाले. असे रकाने आखत बसले तर झालंच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज चेष्टा संपली.

सोमवारच्या फेरीत सोबत असलेल्या नर्सने लेखी दिलंय, की पायलटचा उजवा हात हेलिकॉप्टर वळवायच्या दांडीवर थरथरत होता. तिने वाईट हेतूने दिलेलं नाही. मागे पेशंट होता, ती घाबरली. साहेबांनी दाजींना विचारलं, तर दाजी म्हणाले, “हात नाही हो, दांडीच थरथरते. तीच माझा हात हलवते.”

आता वैद्यकीय मंडळापुढे जायचं, २५ तारखेला. तोवर उड्डाण नाही. पायलटचा हात थरथरतो असं एकदा मंडळाने धरलं की मग कागद फिरत राहतात, माणूस घरी बसतो. दाजींना घरी बसता येत नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते गच्चीवर जाऊन वाऱ्याची दिशा बघून येतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. मंडळाला हेलिकॉप्टरचा कंपन-अहवाल हवाय. कोण देणार? अख्खा विभाग देणार, म्हणजे मी.

“तू घरची आहेस, अवघड वाटत असेल तर सांग,” साहेब म्हणाले. मोठं मन. मी म्हटलं, आकडा आहे तो आहे, त्यात घरचं आणि बाहेरचं काय? हे वाक्य म्हणताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताई माझ्याकडे आली. एकटीच. ती कधी एकटी येत नाही.

“तुझं यंत्र चुकू शकतं ना गं?” तिने विचारलं. मी म्हटलं, दर सहा महिन्यांनी तपासून येतं. “तरी पण. चुकू शकतं ना?” मी नाही म्हटलं. मी तिला तिच्या मगांवरून चिडवायला गेले, तर उठलीच. “जाते,” म्हणाली, “त्यांच्या चहाची वेळ झाली.”

नवऱ्याची बाजू घेतेय, दुसरं काय. मला राग आला. लहानपणापासून माझं गणित तपासायला तीच यायची आणि आता माझ्याच आकड्यावर विश्वास नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सही केली. ‘यंत्राचे कंपन मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे. पायलटच्या हाताला जाणवेल असे कंपन आढळले नाही.’ खाली माझं नाव, विभागाचा शिक्का. शिक्का पहिल्यांदाच वापरला. शाई सुकली होती, थुंकी लावावी लागली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मंडळाने दाजींना सहा महिने घरी बसवलं. निरीक्षणाखाली म्हणे.

दाजींनीच सांगितलं काय झालं ते. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावला. हात पुढे धरला तेव्हा जरासुद्धा हलला नाही, दगडासारखा होता. पण मग त्यांनी माझा कागद काढला. यंत्र हलत नाही असं विभाग सांगतो, हात हलला असं नर्स सांगते. मग हलतंय कोण? हिशोब सोपा होता. मीच मांडून दिला होता.

“तुझं अक्षर छान आहे,” दाजी मला म्हणाले. एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आता नवा पायलट उडवतो. तो कधीच कशाची तक्रार करत नाही. हेलिकॉप्टरऐवजी बैलगाडी दिली तरी “छान आहे, मॅडम” म्हणेल.

आज आकडा ०.२६. पुन्हा पिवळं. वॉशर घेऊन शिडीवर चढले, तर बोल्टवर जागाच नाही. नट दोन आटेसुद्धा पकडेना. उतरले, स्टोअरमध्ये गेले, लांब बोल्ट मागितला. मिळाला नाही. कंपनी लांब बोल्ट बनवतच नाही म्हणे. मी तिथे उभी राहून पंधरा मिनिटं भांडले. एवढं मोठं हेलिकॉप्टर बनवलंत आणि बोल्ट आखूड ठेवलात, काय कंजूषपणा आहे, वगैरे.

टोपी मागे उभा होता. टोपी म्हणजे आमचा म्हातारा मेकॅनिक, उन्हाळ्यातसुद्धा लोकरीची टोपी घालतो. इंजिनापाशी उभं राहून राहून कान अर्धे गेलेत, त्यामुळे बोलतो मोजकंच. म्हणाला, “मॅडम, बोल्ट आखूड नाही. वॉशर जास्त झालेत.”

मी म्हटलं, तेच ते. तो म्हणाला, “तेच ते कसं असेल?” आणि गेला.

१ मार्च, शनिवार

सुट्टी असून गेले. जुने तक्ते काढले.

साहेबांना मी नेहमी शेवटचा आकडा पाठवते — वॉशर लावल्यानंतरचा. तोच फाइलला लागतो, तोच गोंडस दिसतो. आधीचा आकडा आणि किती वॉशर लावले ते मागच्या बाजूला पेन्सिलीने. आज चौदा महिन्यांच्या मागच्या बाजू एकत्र मांडल्या. लाल: शून्य. निळं: शून्य. पांढरं: एक, तो नंतर काढला. पिवळं: अकरा.

अकरा! दर वेळी एक. दर वेळी लोणी.

मी चौदा महिने एकाच पात्याला वजन घालत होते आणि ते का हलकं पडतंय हे एकदाही विचारलं नाही. चांगलं चाललेलं पातं कशाला हलकं पडेल? ते जेवायचं थोडंच सोडतं! कंपनीचं पुस्तक उघडलं. छापलंय, स्वच्छ — एकाच पात्याला पुन्हा पुन्हा वजन लागत असेल तर वजन लावणे थांबवावे व कारण शोधावे. त्याच पानावर माझ्या चहाचा गोल डाग होता. म्हणजे पान उघडलं होतं, त्यावर कप ठेवला होता, वाचलं नव्हतं.

टोपीला फोन केला. तासाभरात आला, टोपीसकट. पिवळ्याच्या मुळाशी रबराचा जाड डँपर असतो. पातं मागेपुढे झोके घेऊ नये म्हणून तो त्याला आवरून धरतो. टोपीने आवरण काढलं, बोट घातलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. बोटावर काळा चुरा. रबर आतून भुगा झालं होतं. सरळ जाताना कसंबसं धरायचं, वळताना पातं सुटल्यासारखं व्हायचं.

“डावीकडे वळताना जास्त,” टोपी म्हणाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी हँगरमध्येच बसले. मांडी घालून, जमिनीवर. रडले, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही.

३ मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं. हेलिकॉप्टर बंद, पाती उतरवायची, चारही डँपर तपासायचे, कमीत कमी तीन आठवडे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण माहितीपत्रक छापून झालंय.”

मी म्हटलं, बरोबर छापलंय की. तीन आठवडे ते इतकं शांत राहील, की कुण्णाला कळणार नाही.

या वेळी ते हसले. बहुतेक घाबरून. मग विचारलं, मंडळाला काय कळवायचं. मी म्हटलं, मी कळवते.

४ मार्च, मंगळवार

मंडळाला पत्र. चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन पत्रांत ‘तांत्रिक त्रुटी आढळली’ असं होतं. चौथ्यात ‘मी चुकले’ असं लिहिलं, आणि कशी चुकले तेही: फक्त सरळ मोजलं, फक्त नंतरचं दाखवलं, अकरा वॉशर लावले. सोबत वाद्यवाल्या बाईंची सात पत्रं जोडली. बाईंनी स्वर डोलायला लागल्याची तारीख दिली होती. ती माझ्या नवव्या वॉशरशी जुळते. माझ्या तीन वर्षांच्या यंत्रापेक्षा त्यांच्या खिडकीची काच हुशार निघाली.

संध्याकाळी ताईकडे गेले. दारातच सांगितलं, दाजी, तुमचं बूड बरोबर होतं. दाजी म्हणाले, “हे लेखी दे, फ्रेम करतो.” ताई स्वयंपाकघरात होती. बाहेर आलीच नाही. आत गेले तर सिंकपाशी उभी राहून रडत होती आणि हसतही होती. “म्हणजे यंत्रच होतं?” तिने तीनदा विचारलं. तीनदा हो म्हटलं. मला वाटलं, एवढा माझ्या चुकीचा आनंद आजवर कुणाला झाला नसेल.

१३ मार्च, गुरुवार

मंडळ पुन्हा बसलं. डॉक्टरांनी माझं पत्र मोठ्याने वाचलं, प्रत्येक वॉशरसकट. दाजींना परत हात पुढे धरायला लावला. दगड. नर्सही आली होती, म्हणाली, दांडी हलत होती की हात, ते मला कसं कळणार? खरंच आहे.

दाजी मोकळे! आमचं यंत्र अजून उघडंच आहे, म्हणून दुसऱ्या तळावरचं मागवलंय. सोमवारी, सतरा तारखेला, पहिली फेरी.

मला साहेबांकडून लेखी ताकीद मिळाली. अगदी योग्य. अक्षर माझ्याइतकं छान नाही.

१४ मार्च, शुक्रवार

वाद्यवाल्या बाईंच्या दुकानात जाऊन आले. आभार मानले. त्यांनी आभार स्वीकारले आणि लगेच दुसऱ्या एका काचेची तक्रार दिली.

येताना ताईसाठी भेट घेतली. सहा कपबशा, चिनीमातीच्या, इतक्या पातळ की उजेडात धरल्या तर पलीकडचं बोट दिसतं. पुरे झाली ती उखळं. रविवारी घेऊन जाईन.

१६ मार्च, रविवार

कपबशा बघून ताईचा चेहरा पडला. आवडल्या नाहीत वाटतं, असं म्हणून मीच चहा ओतला, काठोकाठ. रेडिओही मीच बंद केला. दाजी उद्याच्या हवेबद्दल बोलत होते, बशी मांडीवर धरून. आणि कप वाजायला लागला. बारीक, एकसारखा. पुढे धरला की दगड होणारा हात मांडीवर टेकला की हलत होता. पाती उतरवलेलं आमचं यंत्र इथून सहा किलोमीटरवर उभं आहे.

ताईने न बघता हात लांब केला आणि घडी केलेला रुमाल कप-बशीच्या मध्ये सरकवला. आवाज थांबला. किती सवयीने केलं तिने ते. मी शिडीवर चढून करते तसंच.

“कधीपासून, ताई?” मी विचारलं. ती म्हणाली, “दिवाणखान्यात रेडिओ आणला तेव्हापासून. तुझं पत्र गेलं तेव्हा मला खरंच वाटलं गं, की यंत्रच असेल.”

दाजींनी रुमाल काढून बाजूला ठेवला. कप पुन्हा वाजला. ते माझ्याकडे बघत होते. “आकडा सांग,” म्हणाले.

मी मोजलाच होता, न मोजून जाते कुठे. हेलिकॉप्टरचे सेकंदाला साडेसहा. हे पाच.

“पाच,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. “मग यंत्र नाही. साहेबांना सांग, उद्या दुसरा पायलट बघा. नको, मीच सांगतो.” मग कप दोन्ही हातांनी उचलून सगळा चहा प्यायले.